पाणराखिणीचा पत्ता

मंगेश पहिल्यांदा माझ्या दुकानात आला तेव्हा मी त्याला ओळखलं, त्याने मला ओळखलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या, दीपमालाच्या, फोनमध्ये मी त्याचे फोटो पाहिले होते. माझा फोटो तो कशाला पाहील.

भंडाऱ्यात, भांड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, मी लोकांना वेबसाइट करून देते. राईस मिल, मंगल कार्यालयं, दातांचे दवाखाने. मंगेशला एका नव्या व्हिडिओ गेमची जाहिरात करणारी वेबसाइट हवी होती. त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. तलावाची पाळ, पाळीवर टॉर्च घेतलेली बाई. धानाचं पाणी रात्री चोरून वळवणाऱ्यांना ती हुसकावून लावते. गेमचं नाव ‘पाणराखीण’.

ती बाई आमची आई होती, तुळसा. चालताना आई डावा पाय जरा ओढते. ही बाईही ओढत होती.

“सगळं तुमीच केलं?” मी विचारलं.

“सगळं. लय मेहनत लागली ताई. आता पुण्याची कंपनी बाजारात आणून राहिली.”

हा गेम दीपमालाने कॉलेजात असताना केला होता. वर्गातला मंगेश ‘कंपनीत दाखवतो’ म्हणून सगळ्या फाइली घेऊन गेला आणि स्वतःच्या नावाने कंपनीला देऊन मोकळा झाला. ती जाब विचारायला गेली तर मित्रांसमोर तिला हसला. त्यानंतर तिने चित्र काढलं नाही. तुमसरला एका दुकानात ती लोकांच्या मोबाइलच्या काचांवर प्लास्टिक चिकटवते.

“तुमी कुठच्या ताई?”

“बपेऱ्याची.”

“अस्सं? तिकडची एक पोरगी होती आमच्या वर्गात. रंगबिंग भरून दे म्हटलं का देत होती बिचारी.”

मी मान हलवली. ऑर्डरच्या वहीत त्याचं नाव लिहून घेतलं.

मी रोज पहाटे वंदना घेते, पंचशील म्हणते. दिलेलं नसेल ते घ्यायचं नाही. खोटं बोलायचं नाही. मनात वैर धरू नये, हेही मला ठाऊक आहे, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तथागतांच्या मूर्तीपुढे मी त्यावर बराच वेळ बसले. मन तसूभर हललं नाही. मग ठरवलं, शील मोडायचं नाही आणि ह्याला सोडायचंही नाही.

वेबसाइटचा पत्ता विकत घ्यावा लागतो, आणि ज्याच्या नावाने घेतला तोच त्याचा मालक. त्या पत्त्यावर काय दिसावं हे तो ठरवतो. आमच्याकडचं गिऱ्हाईक हे कधी विचारत नाही. मंगेश पुन्हा आला तेव्हा त्याला मात्र मी सरळ विचारलं.

“पत्ता कोणाच्या नावानं घेऊ? ज्याच्या नावानं राहीन, मालकी त्याची राहते.”

“घ्या ना कोणाच्याही नावानं. मले कायले ते झंझट? पोस्टरवर छापता आला म्हणजे झालं.”

मी दीपमालाला फोन केला.

“जाऊ दे न बाई,” ती म्हणाली. “मले त्याचं तोंड नाही पाहाचं.”

“तुले नको पाहू. त्याले पाहू दे तुयं.”

“घे मंग माझ्या नावानं,” ती म्हणाली. पत्ता तिच्या नावावर झाला. संध्याकाळी तिने एक जुना व्हिडिओ पाठवला, सोबत एक शब्दही नाही.

मी मंगेशची साइट मन लावून केली. त्याला ती फार आवडली. मी ॲडव्हान्स घेतला नाही, त्याचंही त्याने कौतुक केलं. पत्ता पोस्टरवर छापला गेला, एसटीच्या पाठीवर लागला.

गेम बाजारात आणायचा दिवस पौर्णिमेचा होता. माझं उपोसथाचं व्रत, अंगावर पांढरी साडी. सकाळीच मी त्या पत्त्यावरची मंगेशची साइट उतरवली आणि मालकिणीचं पान चढवलं. मग गावातल्या हॉलमधला गेमचा कार्यक्रम दुकानातूनच लाइव्ह बघत बसले.

मंगेशने मोठ्या पडद्यावर पत्ता उघडला. कॉलेजातली दीपमाला बपेऱ्याच्या तलावाच्या पाळीवर बसलेली, मांडीवर लॅपटॉप. “हे माझी आई,” ती सांगत होती, “पाणी चोरणारा दिसला का टॉर्च मारते.” कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज आला, “आन् मंग गेम संपते कसा? मले तर काही समजून नाही राहिलं तुया गेमचं.”

आवाज मंगेशचा होता. आधी लोकांनी टाळ्या वाजवल्या, नंतर त्या विरत गेल्या. खाली मोठ्या अक्षरांत आलं, ‘पाणराखीण. कथा, चित्रं, रचना: दीपमाला तुळसा परसराम मेश्राम’, आणि तिचा फोन नंबर. पुण्याहून आलेल्या कंपनीच्या मॅडमनी खुर्ची मंगेशकडे वळवली. लाइव्ह मागे नेऊन त्याचा चेहरा मी पुन्हा एकदा पाहिला.

दुपारी तो ऑटोने आला.

“ताई, तो व्हिडिओ काढा. तुमी कोण हो तिच्या?”

“मोठी बहीण.”

“पयलेच काहून नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं नाही.”

“तिचं नाव टाकतो न मी. माझ्या नावाच्या खाली, मोठ्या अक्षरात टाकतो.”

“पत्ता तिचा आहे. तिलेच विचारा.”

त्याचा नंबर तिने केव्हाच ब्लॉक करून टाकला होता. मी माझ्या फोनवरून लावला आणि स्पीकर सुरू केला.

“दीपा, मी मंगेश. ऐक न...”

“गिऱ्हाईक आहेत,” ती म्हणाली. “कंपनीच्या मॅडमचा फोन आला होता मले. संध्याकाळच्या बसनं येऊन राहिली मी. त्या विचारत होत्या, मंगेशचं काय करायचं.”

“मंग? काय सांगितलं तू?”

“त्याचं जे काही आहे ते त्याले देऊन टाका म्हटलं.”

फोन बंद झाला. मी ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह काढून त्याच्यापुढे ठेवला. त्यात त्याचा काळ्या गॉगलमधला फोटो होता आणि ‘माझ्याविषयी’ म्हणून त्याने लिहिलेला मजकूर.

“एवढंच?” तो म्हणाला.

“तुमचं एवढंच होतं.”

मी त्याला माठातलं पाणी दिलं. तो पीत होता तेवढ्यात पंखा बंद केला आणि दाराची कडी हातात धरून उभी राहिले. पौर्णिमेला मी दुकान लवकर बंद करते, विहारात जायचं असतं. त्या दिवशी तिथे माझं मन फार छान लागलं.