वरीलप्रमाणे

विमा कंपनीच्या दाव्यांच्या खोलीत त्या दिवशी कुणालाच दम खायला फुरसत नव्हती. गॅरेजवाल्यांनी यापुढे दुरुस्तीचा अंदाज कागदावर द्यायचा नाही, त्यांच्या कॉम्प्युटरने थेट कंपनीच्या कॉम्प्युटरला कळवायचं. चाचणीचा निरोप बारापर्यंत मंजूर झाला तर गॅरेज यादीत, नाही तर बसा घरी. चाळीसपैकी एकोणचाळीस हिरवी झाली होती. लाल राहिलेलं गॅरेज, हे निरोप तपासायला बसलेल्या मुलीच्या बाबांचं होतं.

बाबा म्हणजे नुसता आवाज ऐकून गाडीचं दुखणं सांगणारा माणूस. पण कंपनीकडून येणाऱ्या गाड्या बंद झाल्या तर गॅरेजला कुलूपच लागायचं, आणि या धास्तीनं सकाळपासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता. दोन निरोप परत आले होते. तिसरा शेवटचा, आणि घड्याळात पावणेबारा.

तिनं लाल ओळी नीट वाचल्या आणि कपाळावर हात मारला. बंपर, दिवा, दरवाजा, अशा तीन ओळी. बंपरपुढे गाडीचा नंबर अगदी बरोबर. दिव्यापुढे 'वरीलप्रमाणे'. दरवाज्यापुढेही तेच. तिनं फोन लावला.

"बाबा, हे वरीलप्रमाणे काय लिहिलंत?"

"मग, गाडी एकच आहे ना? चाळीस वर्षं असंच लिहितोय. तुमच्या साहेबांना बरोबर कळायचं."

"साहेब वरची ओळ बघायचे. हा कॉम्प्युटर प्रत्येक ओळ सुटी वाचतो. तिन्हीकडे नंबर घाला."

"एवढा शहाणा, आणि वर बघता येत नाही होय?" बाबा कुरकुरले. "बरं, तू काही खाल्लंस का?"

"तुम्ही आधी पाठवा हो."

अकरा छप्पन. सगळी खोली तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. अकरा अठ्ठावन्नला ओळ हिरवी झाली. मागे टाळ्या पडल्या, आणि ती हसता हसता रडायलाच लागली.

साहेब मात्र चष्मा सावरून पडद्यावर वाकले. शेऱ्याच्या रकान्यात काहीही लिहिलेलं चालत होतं, आणि बाबांनी लिहिलं होतं. साहेबांनी मोठ्यानं वाचलं.

"बंपर: मुलगी सकाळपासून उपाशी आहे, तिला जेवायला सोडा. दिवा: वरीलप्रमाणे. दरवाजा: वरीलप्रमाणे."

साहेबांनी चष्मा काढला आणि तिला दाराकडे बोट दाखवलं. तिनं मुकाट्यानं डबा उचलला.