जबड्यांच्या डोंगरापलीकडचं युद्ध

या खेळातून ताईला काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे ती उगाच थोर वाटायला नको. तिला समोरच्या खुर्चीत तिचा भाऊ बसलेला हवा होता. बोलणारा, भांडणारा. एवढ्यासाठी तिने एक अख्खं जग रचलं, दोन सैन्यं उभी केली आणि माझ्या रविवारच्या दुपारी खाऊन टाकल्या.

भावाला घरात मेजर म्हणतात. लहानपणी तो खेळात सगळ्यांवर हुकूम सोडायचा, तेव्हा पडलेलं नाव. पुढे तो खरोखरच सैन्यात गेला आणि तिथे ट्रक चालवला. जाताना सामान, येताना जखमी. परत आला तो गप्प होऊन. जेवायला हाक मारली की जेवायचा, नळ गळत असला की दुरुस्त करायचा, आणि एरवी ताईच्या खोलीच्या खिडकीशी उभा राहून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा.

खोली म्हणजे कवळ्यांचा कारखाना. आधी मामांचा, म्हणजे या दोघांच्या वडिलांचा. आता ताई चालवते. भिंतीवरच्या फळ्यांवर गिऱ्हाइकांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे ओळीने मांडलेले. लहानपणी शाळा सुटली की आम्ही तिघं थेट तिथे. बाकाच्या एका टोकाला मामा कवळी घासत असायचे, दुसऱ्या टोकाला आमचं राज्य. खेळ साधा होता. एकाने जग सांभाळायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, आपण काय करतोय ते तोंडाने सांगायचं, आणि ते जमलं की नाही हे फाशाला विचारायचं. जग कायम ताईकडे. खालचा जबडा मांडला की डोंगररांग, वरच्या जबड्याच्या टाळूत तळं. कुणाची दाढ किडकी निघाली की तिथे राक्षसाची गुहा.

"अरे, त्या डोंगराची कवळी उद्या द्यायचीय मला!" मामा ओरडायचे.

"उद्यापर्यंत युद्ध संपवतो, मामा!" मी म्हणायचो.

मामा चष्म्यावरून बघायचे, आणि मग उरलेल्या प्लास्टरची एखादी बाहुली ओतून द्यायचे. ओल्या प्लास्टरचा तो वास अजूनही आला की मला तलवार उपसावीशी वाटते.

तर त्याच जुन्या राज्यात ताईने आता रणगाडे आणले. वायरलेस आणला, ड्रोन आणले. मांत्रिक तेच, फक्त त्यांना गणवेश चढवला. आणि जागोजागी चुका पेरल्या. शेजाऱ्याची पाटी तिरकी दिसली तर विचारल्याशिवाय सरळ करून येणारा आपला भाऊ कशाला फसतो, हे तिला पाठ होतं.

"मग रणगाड्यांची तुकडी वाळवंट ओलांडून थेट राजधानीत," ती कागदावरून मला वाचून दाखवत होती, खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"डिझेल?" खिडकीकडून आलं.

"कसलं डिझेल?"

"वाळवंटात डिझेल कोण देणार? तुझा मांत्रिक?"

"देईल की. मंत्र म्हणेल."

"टाकी भरेपर्यंत तोंडाला फेस येईल त्याच्या. टँकर लागतात, ताई. टँकरला रस्ता लागतो. रस्त्याला पूल लागतो."

"मला नाही बाई त्यातलं कळत," ताई म्हणाली. नुसत्या हिरड्या बघून माणसाचा स्वभाव सांगणारी बाई ही!

पुढच्या रविवारी मेजर स्टूल ओढून बसला. फक्त पूल कुठे हवा ते दाखवायला. त्यानंतरच्या रविवारी खुर्चीत. मग त्याला आवरणं कठीण झालं. ड्रॅगनला बकऱ्या लागतात, त्या कशातून आणणार? नवी कांडी हवी असेल तर मांत्रिकाने जुनी आधी जमा करावी. अदृश्य झालेला शिपाई आपल्याच ट्रकखाली येईल, म्हणून त्याच्या गळ्यात शिट्टी. शिट्टीवर मी इतका हसलो की मेजरही हसला, पूर्वीसारखा, नाकातून.

"या चुका मुद्दाम केल्यास ना गं?" त्याने ताईला विचारलं.

"सगळ्या नाही."

"पुलाची?"

"मुद्दाम."

"वायरलेसची?"

"ती खरंच चुकली. पण तू बोलायला लागलास, म्हटलं असू दे."

"आणि ही?" त्याने कागदावर बोट ठेवलं.

ही म्हणजे म्हातारी. जुन्या खेळातली ताईची वैद्यीण, मामांनी ओतलेली पहिली बाहुली. तोंडात कवळीतला उरलेला एकच दात. मेलेल्याच्या कानात ती "ऊठ" म्हणाली की तो उठायचा. लहानपणी मी ऊठसूट मरायचो तो तिच्याच जिवावर.

"ती चूक नाही," ताई म्हणाली.

"खोड ते. मेलेला उठत नाही."

"ड्रॅगन चालतो, अदृश्य शिपाई शिट्टी वाजवत फिरतो, आणि एवढंच चालत नाही?"

"ते सगळं खोटं आहे, मला माहितीये. याची मी वाट बघितलीये, ताई. ट्रक चालवताना. अख्खा रस्ताभर."

तो उठून खिडकीशी गेला.

एक ओळ खोडली असती तर तो परत येऊन बसला असता. ताईला ते कळत होतं, मलाही. ती कवळी घासत राहिली. मग पाठमोरीच म्हणाली, "मागे राहिलेला नाही उठणार. कुणी गाडीत घालून इथपर्यंत, या बाकापर्यंत आणला, तरच. असं चालेल?"

मेजरने खिडकीची सैल कडी दाबून बसवली.

"ड्रायव्हरला पुढे जायचा हुकूम असतो," मेजर म्हणाला.

"मग हुकूम मोडावा लागेल."

"आणि म्हातारी काय फुकट उठवत सुटणार? तिचंही काहीतरी गेलं पाहिजे."

ताईची कानस थांबली. "तिची विद्या जाईल. एकालाच उठवेल. मग खेळातून बाहेर, कायमची."

"लिही," मेजर म्हणाला.

पुढच्या रविवारी खेळ सुरू झाला आणि सवयीप्रमाणे मी सगळ्यांत आधी मेलो. पुलापलीकडे माझ्या तोफेवर गोळा पडला. मेजरचा ट्रक दारूगोळ्याने भरलेला; पुढे आमची राजधानी त्याची वाट बघत होती. तो फासा मुठीत धरून बसला.

"गोळे इथेच उतरवतो," तो शेवटी म्हणाला. "नाहीतर हा झोपणार कुठे? गाडी वळवतो."

फासा बाजूने पडला. परतीचा रस्ता मग त्याने खड्ड्याखड्ड्याने सांगितला. गिअर कुठे बदलला, दिवे कुठे मालवले. मध्येच मान जरा मागे वळवून म्हणाला, "जागा राहा रे भावा. आता चढ आहे. चढ संपला की झालंच. बोलत राहा माझ्याशी." तो माझ्याशी बोलत नव्हता. ताईने मला डोळ्यांनी दटावलं. मी मेलेलाच राहिलो.

माझी बाहुली त्याने बाकावर ठेवली. "आणला," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

"ऊठ," ताई म्हणाली. आणि म्हातारीला उचलून तिने वरच्या फळीवर ठेवलं.

"अगं, राहू दे ना. पुढच्या वेळेपासून लावू तो नियम," मेजर म्हणाला.

"वा रे! काहीतरी गेलं पाहिजे, कोण म्हणालं होतं?"

तर कुणाचं काय गेलं? माझं काही नाही. मेलो आणि उठलो, फुकटात. राजधानी पडली, कारण गोळे पुलाशीच राहिले. मेजरवर हुकूम मोडल्याचा ठपका आला, आणि तो कसा अन्यायाचा आहे यावर तो अंधार पडेपर्यंत ताईशी तावातावाने भांडला. आता आमच्यातला जो मरेल तो मेलाच. मला जपून खेळावं लागणार. म्हातारी अनोळखी जबड्यांच्या रांगेत उभी आहे, एक दात दाखवत. ती ताईची होती. दुसऱ्या कुणी काही किंमत भरली नाही.