बोदाइजुचा मध

दूध उतू जायला आणि दारावरची बेल वाजायला एकच गाठ पडली. विद्याताईंनी फडक्याने पातेलं उचललं खरं, पण मुलाच्या जपानमधल्या, सेंदाईच्या घरातल्या त्या इवल्याशा स्वयंपाकघरात ते टेकवायला जागा कुठे? एका बाजूला बेसिन, दुसऱ्या बाजूला भाताचा कुकर. पातेलं हातात धरूनच त्या ओरडल्या,

"अहो, दार उघडा! विहीणबाई आल्या!"

"उघडतो गं. पण बोलू काय?"

"बोलताय कशाला? वाका. वाकलं की झालं."

गुणवंतरावांचं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे ताठ बसण्यात गेलेलं. त्यांनी दार उघडलं आणि कमरेतून जे वाकले, तर समोरून फुमिको-सानही तेव्हाच वाकल्या. दोघांची डोकी आपटायची थोडक्यात वाचली. मध्ये उभी असलेली पाच वर्षांची मधुरिमा खदखदून हसली. आजीला स्टेशनवरून घेऊन आलेली तिची आई, काओरी, तिच्यामागे बूट काढत होती. तीही ओठ दाबून हसत होती.

बरं झालं, निदान हसून तरी सुरुवात झाली, असं विद्याताईंना वाटलं. कारण आजच्या भेटीची धास्ती घरात सगळ्यांनीच घेतली होती.

गोष्ट अशी होती. मुलाच्या, म्हणजे देवदत्तच्या, कंपनीने पुण्यात ऑफिस काढायचं ठरवलं होतं आणि ते उभं करायला त्यालाच जा म्हटलं होतं. गोल्डन वीकची, म्हणजे मेच्या सुरुवातीची इथली सुट्टी संपली की हो किंवा नाही कळवायचं होतं. पुणं म्हणजे विश्रांतवाडीचं आपलं घर! मुलगा, सून, नात, सगळी डोळ्यांसमोर! विद्याताईंनी तर मनातल्या मनात मधूची शाळासुद्धा बघून ठेवली होती. काओरीची तयारी होती. पण सासू-सासरे आल्या दिवशीच तिने हात जोडून सांगितलं होतं, "आई, मी येते. पण माझी आई हो म्हणाली, तर. ती एकटी आहे." फुमिको-सान डोंगरातल्या गावात एकट्या राहायच्या. नवरा जाऊन वर्षं झाली होती. मुलगी एकुलती एक, आणि नातही एकुलती एक. आज त्या मुद्दाम व्याह्यांना भेटायला आल्या होत्या, आणि काय म्हणतील याचा कुणालाच पत्ता नव्हता.

त्यातून आज वैशाखी पौर्णिमा. पुण्यात असत्या तर विद्याताई पांढरी साडी नेसून विहारात गेल्या असत्या, मोठ्या पातेल्यात खीर ढवळली असती. इथे निदान घरच्यापुरती तरी खीर व्हायलाच हवी, असं त्यांनी ठरवलं होतं. तांदूळ मऊ शिजले होते, दूध आटत आलं होतं.

फुमिको-सानांनी बसल्या बसल्या गाठोडं सोडलं. फुलाफुलांच्या फडक्यातून काचेची बरणी निघाली. आत पांढरंशुभ्र, रवाळ काहीतरी थिजलेलं.

"तूप?" गुणवंतराव पुढे सरसावले.

"मध आहे, बाबा," कचरा टाकून वर आलेला देवदत्त म्हणाला. "कच्चा. पोळ्यातून काढला की नुसता गाळायचा, तापवायचा नाही. त्यांचे दीर मधमाश्या पाळतात ना. थंडीत असाच थिजतो."

त्याने फुमिको-सानांना काहीतरी विचारलं. त्या बरणीवर बोट ठेवून म्हणाल्या, "बोदाइजु."

"बोदाइजु म्हणजे..." देवदत्त क्षणभर थांबला. मग त्याचे डोळे चमकले. "बाबा, बोदाइ म्हणजे बोधी. जु म्हणजे झाड. बोधिवृक्षाचा मध आहे हा!"

"काय सांगतोस!" गुणवंतरावांनी बरणी दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली. "विद्या, अगं ऐकलंस का? पिंपळाचा मध! आणि आज पौर्णिमा! या माउलीला कुणी सांगितलं?"

विद्याताईंच्या अंगावर काटा आला. सुजातेची खीर खाऊन बुद्ध पिंपळाखाली बसले, ते आठवायचा दिवस, आणि खिरीत घालायला त्याच झाडाचा मध! त्यांनी विहीणबाईंकडे पाहून हात जोडले.

देवदत्तला तर दम निघेना. त्याने चमचाभर मध काढला आणि थेट शेगडीवरच्या रटरटणाऱ्या खिरीवर नेला.

"अरे, नको!"

"दामे, दामे!"

दोघी एकदमच ओरडल्या. विद्याताईंनी त्याचं मनगट धरलं, फुमिको-सानांनी कोपर. मग एकमेकींकडे पाहिलं.

"मध कधी तापवतात का?" विद्याताई म्हणाल्या. "एवढा मोठा झालास, आणि आईकडून एवढंही शिकला नाहीस?"

फुमिको-सानही जपानीत त्याला तेच सुनावत होत्या. ते कळायला भाषांतराची गरज नव्हती. बिचारा दोघींच्या मध्ये चमचा धरून उभा होता.

खीर निवायला ठेवली आणि दोघींचं सूत जुळलं. मधुरिमाला हिवाळ्यात खोकला धरतो, तेव्हा मुळ्याच्या फोडी मधात बुडवून ठेवायच्या आणि सुटलेलं पाणी चमच्याने पाजायचं, हे फुमिको-सानांनी हातवारे करून सांगितलं. विद्याताईंनी किसणीवर आलं किसून दाखवलं, पिळून दाखवलं, आणि मध चाटवायचं बोट मधुरिमाच्या तोंडाशी नेलं. मधाला गोडीच्या आधी एक थंड, पुदिन्यासारखा वास होता. मधुरिमाने बोट चाटलं आणि "ओईशी", म्हणजे मस्त, म्हणाली.

मग फुमिको-सान गंभीर झाल्या. पाय दुमडून नीट बसल्या आणि काहीतरी विचारलं. त्यांची गावाकडची बोली देवदत्तला पुरती समजत नसे, म्हणून काओरीने सांगितलं.

"आई विचारते, हे झाड इंडियात आहे का?"

"आहे का म्हणजे?" गुणवंतराव गुडघ्यावर थाप मारत म्हणाले. "आमच्या विहाराच्या दारातच दोन आहेत! पुण्यात म्हणाल तर रस्त्यारस्त्याला. अहो, मूळचं आमचंच झाड ते. भिंतीतून उगवतं, उपटून टाकावं लागतं!"

काओरीने सांगितलं. फुमिको-सानांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलायला लागले, तशी मधुरिमा घाबरून त्यांना बिलगली. बऱ्याच वेळाने त्या बोलल्या, आणि काओरीचाही आवाज बदलला.

"आई म्हणते, ती आज नको म्हणायला आली होती. मधूला तिकडे नेऊ नका, असं. मधू आजारी पडते, आणि तिला हाच मध लागतो. आई हाताने चाटवते. तिकडे काय करणार, म्हणून तिला रात्री झोप नाही. पण तिकडे तेच झाड आहे. तोच मध, तोच वास. तर आता... जा म्हणते. मी काळजी नाही करणार."

देवदत्तने आईकडे पाहिलं. त्याचा चेहरा लहानपणी निकाल हातात आल्यावर व्हायचा तसा झाला होता. विद्याताईंना इतका आनंद झाला की कुठे ठेवू अन् कुठे नको असं झालं. येणार! सगळी येणार!

तेवढ्यात मधुरिमाने गाठोड्यातली कागदाची पुडी उघडली आणि आतलं काहीतरी विद्याताईंच्या तळहातावर ठेवलं.

"हाना," ती म्हणाली.

वाळलेला पिवळसर फुलांचा झुबका होता. त्याला जिभेसारखं एक लांबट पान चिकटलेलं. वासही तोच, मधाचा.

"बोदाइजुचं फूल," काओरी म्हणाली. "गरम पाण्यात टाकतात, आई. चहासारखं."

विद्याताई फुलाकडे बघत राहिल्या. सगळी नोकरी त्यांनी चौथीच्या वर्गावर काढली होती. दर वर्षी त्या पोरांना सांगायच्या, पिंपळाचं फूल आणून दाखवेल त्याला माझ्याकडून पेन. पोरं झाडाखाली घिरट्या घालायची आणि हात हलवत परत यायची. पिंपळाचं फूल फळाच्या आत दडलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही, हे त्या मग समजावून सांगायच्या. मधमाशीला बसायला तिथे जागाच नाही.

"खीर वाढते," असं म्हणून त्या उठल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी वाट्या मांडल्या, पण डाव हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. गुणवंतराव मागोमाग आले.

"डोळ्यांत पाणी? आनंदाचं ना?"

"अहो, तो पिंपळ नाही."

"मग काय आहे?"

"दुसरंच झाड आहे कुठलं तरी. पिंपळाला असं फूल असतं का? आपल्याकडे हा मध मिळायचा नाही."

गुणवंतरावांनी वळून बाहेरच्या खोलीकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "झाड कुठलं का असेना. पोरगं घरी येतंय विद्या, इतक्या वर्षांनी. मध काय, बाजारात ढीगभर मिळतो. तू आपली गप्प बस."

विद्याताईंनाही तेच वाटत होतं. वाटत नव्हतं असं नाही! कुणाला कळणार होतं? कळेपर्यंत मधू पुण्याच्या शाळेत रुळली असती. खोकल्याला आल्याचा रस काही कमी नव्हता. देवदत्तला, आपल्या देवाला, याच रसावर वाढवला, तो काही मेला नाही. आणि आपण कुठे खोटं बोललो? देवाने नावाचा अर्थ सांगितला, यांनी पिंपळाचं सांगितलं, दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं. त्यांनी एक वाटी भरली, दुसरी भरली. तिसरीत डाव घातला आणि थांबल्या.

"त्या बाईने आपल्या शब्दावर नात दिली हो."

"तुझ्या कुठे, माझ्या शब्दावर," गुणवंतराव कुरकुरले.

"तुमच्याच. मग तुमचा शब्द खोटा पडू देऊ का मी? तोही आजच्या दिवशी?"

गुणवंतरावांनी एकदा बरणीकडे पाहिलं आणि मग उरलेल्या वाट्या भरून झाल्यावर ट्रे उचलला. "चल," एवढंच म्हणाले.

खीर कोमट झाली होती. विद्याताईंनी प्रत्येक वाटीत स्वतःच्या हाताने मध घातला आणि पहिली वाटी विहीणबाईंपुढे ठेवली. त्यांनी एक घास घेतला आणि डोळे मिटून हुंकार दिला. तेव्हा विद्याताई त्यांच्यासमोर खाली बसल्या.

"देवा, त्यांना सांग. आमच्याकडे हे झाड नाही."

देवदत्तचा चमचा तोंडाशीच राहिला. "आई, काय बोलतेस? आत्ता बाबा म्हणाले ना..."

"बाबा पिंपळाचं म्हणाले. हा पिंपळ नाही. पान सारखं असेल म्हणून इथल्या लोकांनी तेच नाव दिलं असेल. पण पिंपळाला असं फूल येत नाही, आणि त्याचा मधही होत नाही. आमच्याकडे मधूला हा मध मिळणार नाही. सांग त्यांना."

"अगं, पण आत्ता कशाला? किती मुश्किलीने त्या..."

"माहीत आहे मला. सांग."

तो सांगेना. शेवटी काओरीनेच सांगितलं, सासूकडे बघत बघत, सावकाश. फुमिको-सानांनी वाटी खाली ठेवली. खोलीत मधुरिमाच्या चमच्याचा तेवढा आवाज होत राहिला. देवदत्त खिडकीकडे तोंड करून बसला. बघून ठेवलेली शाळा, तिच्या दारातली ती रंगीत घसरगुंडी, सगळं विद्याताईंच्या डोळ्यांपुढून गेलं. बोलायला नको होतं, असंही एकदा वाटून गेलं.

फुमिको-सानांनी विद्याताईंकडे नीट निरखून पाहिलं. मग त्यांनी वाटी परत उचलली, उरलेली खीर संपवली, कडेचा मध चमच्याने निपटून घेतला आणि काओरीला एक प्रश्न विचारला.

काओरीला तो नीट ऐकू आला नसावा. तिने परत विचारलं. फुमिको-सानांनी परत तेच म्हटलं, जरा चिडूनच.

"काय म्हणतात?" विद्याताईंनी विचारलं.

"आई विचारते..." काओरीचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. "विमानात मध नेता येतो का?"

"नेता येतो की. पण नेणार कोण?"

"ती. दर वर्षी. उन्हाळ्यात मध काढतात, तर थंडीच्या आधी. म्हणजे मधूला खोकला होणार, त्याच्या आधी. ती म्हणते, जे खरं सांगतात त्यांच्या घरी मधूला पाठवायला मी नाही घाबरत. मध मी आणीन." बोलता बोलता काओरी हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "आई तोक्योला पण कधी गेली नाही! सेंदाई स्टेशनवर रस्ता चुकते!"

फुमिको-सान मात्र अगदी गंभीरपणे उत्तराची वाट बघत बसल्या होत्या, हात मांडीवर, पाठ ताठ.

विद्याताईंनी पुढे सरकून त्यांचे ते दोन्ही हात हातात घेतले. हात खरखरीत होते आणि बोटं मधाने चिकट झाली होती.

"तिला सांग," त्या काओरीला म्हणाल्या, "एकटीने यायचं नाही. मी येते न्यायला."