अक्कलकोट रोडपर्यंत

शिवानी गच्चीवरच्या दोरीवर ओली चादर टाकत होती, तेवढ्यात खिशातला फोन वाजला आणि चादर तशीच अर्धी लोंबकळत राहिली.

हल्ली कुठलाही फोन वाजला की ती हातातलं काम टाकायची. बेंगळुरूच्या संस्थेत वन्यजीवांच्या एम.एस्सी.ला वर्षाआड मोजकीच मुलं घेत. प्रतीक्षायादीत तिचं नाव पहिलं होतं. वरच्या कुणी एकानं नाही म्हटलं तरी पुरे. कॉलेजच्या साऱ्या सुट्ट्या तिनं सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर लांडग्यांमागे हिंडण्यात घालवल्या होत्या. पुढच्या खेपेपर्यंत घरचे थांबणार नव्हते. स्थळं यायला लागली होती.

फोन प्रियंकाचा होता. मंगळवेढ्याकडच्या एका वाडीतली, मेंढपाळाची मुलगी. मुलाखतीच्या आदल्या दिवशी ती शिवानीकडेच उतरली होती आणि दोघी एकाच गाडीनं गेल्या होत्या. प्रियंकाची निवड झाली होती.

"शिवे, न्हाई म्हणून कळवू का गं त्यांना?" रडून रडून तिचा आवाज बसला होता. "अण्णा सोडत न्हाईत. एकटी पोर एवढ्या लांब कशी धाडू म्हणत्यात. मी न्हाई म्हटलं की तुलाच मिळंल की."

शिवानीनं दोरी घट्ट धरली. 'कळव' एवढा एकच शब्द पुरेसा होता. तो जिभेवर आलाही होता. माळावरचं पिवळं गवत आणि त्यातून दुडक्या चालीनं जाणारी लांडग्याची मादी तिच्या डोळ्यांसमोरून सरकली.

"तुला जायचंय का?" तिनं विचारलं.

पलीकडून नुसता हुंदका आला.

"अण्णांना दे फोन."

अण्णांनी, म्हणजे जोतिरामकाकांनी, फोन घेतला. मागे मेंढरं ओरडत होती.

"बोल पोरी."

"काका, पाठवा तिला. एवढ्या मुलांतनं निवडलंय."

"ते खरं हाय. पर तितं आपलं कोण हाय?" मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं म्हणाले, "तुजं बी नाव हुतं न्हवं? तू हायस व्हय तिच्यासंगं?"

चादरीचं पाणी शिवानीच्या पायावर ठिबकत होतं.

"हो काका," ती म्हणाली. "मी आहे."

"मग काय न्हाय. जावा की दोघी."

त्यानंतर कुणीच नाव मागे घेतलं नाही. यादी बंद झाली.

जुलैत सोलापूर स्टेशनवर शिवानीही बॅग घेऊन आली. काकांनी दोघींच्या बॅगा सीटखाली सरकवल्या.

"लई जड हाय की तुजी," ते हसून म्हणाले.

नुसती दाखवायला आणायची बॅग तिनं नीट भरली होती. कपडे घड्या घालून ठेवले होते. बेंगळुरूच्या थंडीसाठी आईनं निकालाआधीच विणलेला स्वेटरही वर ठेवला होता. भाकरीचं गाठोडं काकांनी तिच्याच मांडीवर ठेवलं.

"हिला जप गं," म्हणाले आणि खाली उतरले.

गाडी सुटल्यावर प्रियंकानं तिचा हात धरला तो सोडलाच नाही.

दोघींनी ठरवलेलं स्टेशन आलं, अक्कलकोट रोड.

"येते," शिवानी म्हणाली, पण उठली नाही. माणसं उतरली, माणसं चढली. शेवटी प्रियंकानंच शिवानीची बॅग बाहेर ओढली, चेन उघडली आणि स्वेटर काढून छातीशी धरला.

"ह्यो मी नेते," ती म्हणाली.

शिवानीनं मान हलवली. गाठोडं सीटवर ठेवून, बॅग उचलून ती उतरली.

गाडीचा शेवटचा डबा दिसेनासा झाला तेव्हा काकांचा फोन आला.

"कुटवर आलाय गं?"

"अक्कलकोट रोड सुटलं, काका."

"बरं. जेवून घ्या दोघी."

"हो," ती म्हणाली, आणि सोलापूरकडच्या गाडीच्या फलाटावर जायला पूल चढू लागली.