रिकाम्या पोटाची साक्ष

सासूबाईंनी उशी उचलून पाहिली, गादीखाली हात घातला आणि मग सुनेच्या पर्सची चेन सरकवली. आत बिस्किटाचा चुरासुद्धा नव्हता. सातव्या महिन्यातली सून कमरेवर हात ठेवून दारात उभी होती.

"सापडलं काही?"

"सापडेल. मांजर डोळे मिटून दूध पितं, म्हणून जगाचे डोळे मिटत नाहीत."

पहिल्या तपासणीत तिची उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली, रक्तातली चरबीही. नवरा कागद बघून एवढंच म्हणाला, "अगं, खरं काय ते सांगून टाक ना." त्याच दिवशी साखरेचा डबा सासूबाईंच्या कपाटात गेला. सून मुळात गोडघाशी, त्यामुळे तिची बाजू घ्यायला कुणी नव्हतं. तिचा नुसता संताप व्हायचा. बाळ तिचं, काळजी तिला, आणि वर चोरही तीच!

डॉक्टरीणबाईंनी तपासणी पुन्हा करायला सांगितली. आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी आपलं अंथरूण सुनेच्या खोलीत, अगदी दाराला लावून घातलं. नवऱ्याची रवानगी बाहेरच्या कोचावर झाली. सकाळी चूळ भरायचं पाणीही त्यांनी स्वतः आणून दिलं आणि ती गिळत तर नाही ना, हे समोर उभं राहून पाहिलं.

दुपारी तिघं डॉक्टरीणबाईंसमोर बसली. आकडे पहिल्यापेक्षाही चढलेले होते.

"खरंच उपाशी होतात? चोरून काही खाल्लं नाही ना?"

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. सुनेनं फक्त सासूबाईंकडे मान वळवली.

सासूबाई चुळबुळल्या. "नाही खाल्लं," त्या शेवटी म्हणाल्या. "मी डोळ्यांत तेल घालून बसले होते."

"मग खाण्याला कशाला दोष द्यायचा? गरोदरपणात काहींचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही. पोट रिकामं असलं तरी साखर चढते, चरबी चढते. पथ्य पाळायचं, औषध सुरू करायचं. वेळेवर कळलंय, बाळाला जपता येईल. नाही कळलं तर बाळ फार वाढतं, कधी पोटातच दगावतं."

"न खाताही?"

"न खाताही."

सासूबाईंनी टेबलाची कड धरली. "माझं पहिलं चांगलं गुटगुटीत होतं. रडलंच नाही. माझ्या सासूबाई म्हणाल्या, चोरून खाल्लंस, हावरटपणानं घालवलंस."

नवऱ्यानं चमकून वर पाहिलं. आपल्याआधी कुणी होतं, हे त्याला आजवर ठाऊक नव्हतं.

सुनेच्या ओठांवर आलेलं तिखट बोलणं तिथंच राहिलं. तिनं हळूच विचारलं, "आणि तुम्ही खाल्लं होतंत?"

सासूबाई बराच वेळ आठवत राहिल्या.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "डबा त्यांच्याच कपाटात असायचा."