भित्रीसाठी शांत घर

बँकेच्या मॅनेजरांच्या दारातल्या पायरीवर गुंडी कुत्रीने अंग टाकलं आणि ती फरशीला चिकटून बसली. मावशीने दोरी ओढली नाही. शेजारी टेकून ती उगाचच चपलेचा पट्टा काढघाल करत राहिली.

"येईल, येईल," दार धरून उभे असलेले मॅनेजर म्हणाले. "आम्हाला काही घाई नाही."

हे वाक्य ऐकायला मावशीचे कान आसुसले होते. दिवसभर शिवणयंत्र चालवायचं आणि मारकुट्या मालकांकडून सुटलेली कुत्री सांभाळून त्यांना घर शोधायचं, हा तिचा उद्योग. गुंडी दोन घरांतून परत आली होती. एका घरातली पोरं तिला झाडूने पलंगाखालून बाहेर काढायची. दुसऱ्या घरात दिवसभर आदळआपट. आता ती पाण्याच्या भांड्यात स्वतःचं तोंड दिसलं तरी मागे सरायची. आणखी एकदा परत आली तर ती माणसाच्या हातचं खाणंच सोडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मावशीने त्याचा धसकाच घेतला होता.

म्हणून तर हे घर सापडल्यावर देव पावल्यासारखं वाटलं. फोनवर मॅनेजरांची बायको बोलली होती, तीही इतक्या हळू की मावशीला फोन कानात खुपसावा लागला. इतका मऊ आवाज असलेली बाई कुत्र्यावर कशाला ओरडेल?

गुंडी अखेर सरपटत आत आली आणि थेट खाटेखाली गेली. मावशीने घर पाहून घेतलं. मूलबाळ नाही, टीव्ही बंद, दारं आवाज न करता लागणारी. खुर्च्यांच्या पायांनासुद्धा कापडाचे मोजे शिवून घातलेले. शिवणारी बाई ती, तिची नजर टाक्यांवर गेलीच. टाके बारीक होते, पण कापड झिजून विरलं होतं. गुंडीसाठी केलेली तयारी काही इतकी जुनी नसणार. कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटलं, पण मावशीने तो विचार झटकला. चांगलं घर हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

वहिनी, म्हणजे मॅनेजरांची बायको, चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी आधी करंगळी टेकवली, मग अलगद कप. जरासुद्धा आवाज झाला नाही.

आता मावशीची नेहमीची खोड बाकी होती. प्रत्येक नव्या घरात ती किल्ल्यांचा जुडगा मुद्दाम पाडायची. परीक्षा कुत्र्याची नसे, माणसांची असे. कोण खेकसतं, कोण हसतं, कोण घाबरलेल्या कुत्र्याला कवटाळायला धावतं, ते तेवढ्यात कळायचं. तिने चष्मा काढायच्या निमित्ताने पिशवी उघडली आणि जुडगा खाली सोडला.

खणकन आवाज झाला. खाटेखाली गुंडी भिंतीला जाऊन भिडली.

"असू द्या हो मावशी," मॅनेजर हसले. "होतं असं."

पैकीच्या पैकी गुण. मावशीने समाधानाने वहिनींकडे मान वळवली. वहिनींनी मान खांद्यांत ओढून घेतली होती, डोळे मिटले होते, एक हात कानावर होता. डोळे उघडले तेव्हा त्यांनी जुडग्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं.

असं आकसलेलं अंग मावशी रोज बघत होती.

"आमची ही जरा घाबरट आहे," मॅनेजर म्हणाले. "तिच्याकडे लक्ष देऊ नका."

तेवढ्यात गुंडी बाहेर आली. पोटावर सरकत ती वहिनींपाशी गेली आणि त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून पडली. इतक्या लवकर ती कुणाकडेच गेली नव्हती, मावशीकडेही नाही. वहिनींची बोटं तिच्या कानावरून फिरली.

"बघा, जमली गट्टी! आजच ठेवून जा."

"नको," वहिनी म्हणाल्या.

"काय म्हणालीस?" मॅनेजरांनी अगदी शांतपणे विचारलं. ते अजून हसतच होते.

"बरोबर आहे त्यांचं," जुडगा उचलत मावशी घाईने म्हणाली. "मीच मघाशी फोनवर सांगितलं त्यांना, लस राहिलीय म्हणून. वेंधळी मी, तरी घेऊन आले. पुढच्या आठवड्यात आणते. वहिनी, फाटकापर्यंत येता का? ही दोरी ओढते फार, मला आवरत नाही."

गुंडीने जन्मात कधी दोरी ओढली नव्हती.

फाटकाशी वहिनी खाली वाकल्या. "लळा लागला असता हो," त्या पुटपुटल्या. "पण इथे खाटेखाली लपून भागत नाही."

मावशीही वाकली. खिडकीतून मॅनेजर बघत होते. तिने गुंडीच्या पट्ट्याआड जुडग्यातली एक किल्ली सोडवली आणि आवाज होऊ न देता वहिनींच्या तळहातात दाबली.

"माझ्या मागच्या दाराची. शिवणाच्या दुकानामागेच राहते मी. केव्हाही या. ही काही भुंकत नाही."

वहिनींची मूठ मिटली.

"काय चाललंय गं तिथे?" खिडकीतून हाक आली.

"दोरीची गाठ सोडवतेय," वहिनींनी उत्तर दिलं, आणि त्यांचा आवाज पार खिडकीपर्यंत पोचला.