गुडघ्याएवढी गाडी

सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि आमच्या घरात युद्ध पेटलं. मी फिजिओथेरपिस्ट. दिवसभर परक्या लोकांचे गुडघे वाकवते आणि ते बिचारे मुकाट वाकवून घेतात. घरचे गुडघे मात्र माझं ऐकायला तयार नव्हते. "दुखतंय," एवढं म्हणून सासूबाई सोफ्यावर बसून राहायच्या. उठायची वेळ आली की माझा नवरा, म्हणजे त्यांचा लाडका लेक, काखेत हात घालून त्यांना उभं करायचा. तेव्हा त्या भिंतीकडे बघायच्या. आपण उचलून ठेवायची वस्तू झालो, हे त्यांना किती लागत होतं ते मला दिसायचं, आणि तरी व्यायाम करत नाहीत म्हणून माझं डोकं फिरायचं.

मग त्यांच्या सत्तराव्या वाढदिवसाला नवऱ्याने एक अफाट गोष्ट केली. स्पोर्ट्स कारच्या कारखान्याची सहल. दोन तिकिटं, एक त्यांचं आणि एक माझं, कारण त्याला सुट्टी नव्हती.

सासूबाईंचं गाड्यांचं वेड नात्यागोत्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या टायपिस्ट होत्या आणि त्यांच्या बस स्टॉपसमोर महागड्या गाड्यांची शोरूम होती. "हिची बस रोज उशिरा येते," असं सासरे भोळेपणाने सांगायचे. बस वेळेवर यायची, याच ती सोडून द्यायच्या. काचेबाहेर उभं राहून त्यांनी एकेक गाडी पाठ केली. आत पाऊल टाकायची हिंमत मात्र कधी झाली नाही.

तिकिटांसोबत सूचना आल्या होत्या. शेवटी तयार गाडीत बसायला मिळेल, पण सीट फार खाली असते, तेव्हा ज्यांना आपलं आपण उठता येत नाही त्यांनी बाहेरूनच गाडी बघावी. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं आणि जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा गाळत होते, तर सासूबाई काठी टेकत स्वयंपाकघरात हजर.

"किती खाली असते गं सीट?"

मी माझ्या गुडघ्याच्याही खाली हात दाखवला. "एवढी."

"मग शिकव मला. आणि ऐक, तिथे मला कोणी हात द्यायचा नाही. तूसुद्धा नाही. बाहेरून बघणं मी जन्मभर केलंय."

झालं, आमच्याकडे शाळा भरली. आधी खुर्ची, मग खुर्चीवरची उशी काढून, मग बुटांना पॉलिश करताना बसायचं ते बुटकं स्टूल. "पाय मागे, नाक पुढे, मग उठा," मी ओरडायची. "नाक काय पुढे, ते आहे तिथेच आहे," त्या उलट ओरडायच्या. शेजारीण एकदा विचारून गेली, सगळं ठीक आहे ना म्हणून. सहलीचा दिवस उजाडला तरी स्टूलचा भरवसा नव्हता. दोनदा झोकात उठायच्या आणि तिसऱ्यांदा धप्पकन खाली. मी सकाळपासून सहल रद्द करायची कारणं शोधत होते. त्या मात्र केस विंचरून कधीच्या तयार होत्या.

कारखान्याच्या दारातच एका मुलीने आमची घड्याळं आणि अंगठ्या पिशवीत घेतल्या आणि माझ्या कमरेच्या पट्ट्याच्या बक्कलवर कापडी पट्टी लावली.

"रंगाला ओरखडा नको म्हणून ना?" सासूबाईंनी विचारलं. मुलगी हो म्हणाली, तर या अशा फुलल्या की जणू परीक्षेत पहिला प्रश्न येत होता.

आत आमच्या क्लिनिकला लाज वाटावी इतकी लख्ख फरशी. गाड्या एकामागे एक, दिसेल न दिसेल अशा सरकत होत्या. कोणी धावत नव्हतं, कोणी ओरडत नव्हतं. कातड्याच्या खोलीत एक कारागीर डोळे मिटून तळहात फिरवत होता आणि जिथे गाईला कधी काटा लागला असेल तिथे खडूने खूण करत होता. पुढे एक बाई स्टिअरिंगला हाताने कातडं शिवत होती. तिच्यापाशी सासूबाई इतक्या रेंगाळल्या की गाइडला परत मागे यावं लागलं. सडसडीत तरुण पोरगा, सगळं घोकून आलेला. पण सासूबाई प्रश्न विचारायला लागल्यावर तो घोकलेलं विसरला आणि खराखुरा बोलू लागला.

एका काचेपलीकडे नवीन इंजिन पहिल्यांदा सुरू करत होते. आवाज आधी छातीत आला, मग कानात. सासूबाईंनी काचेवर दोन्ही हात ठेवले होते. डोळे भरून आले होते.

"रडताय?"

"मग काय करू? इतकं सुंदर आहे ते."

मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही, पण त्या क्षणी मी आनंदाने वेडी झाले होते. त्यांच्याकडे बघून.

शेवटी ती तयार गाडी. पिवळीधमक, जमिनीला चिकटलेली. सहलीला आलेल्यांपैकी एक उंच गृहस्थ आधी बसले आणि बाहेर येताना चक्क रांगत आले. सगळे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी काठी माझ्याकडे दिली, पाठ फिरवली, बसल्या आणि एकेक पाय आत घेतला. स्टिअरिंगवर हात ठेवून त्या समोर बघत राहिल्या. समोर भिंत होती. त्यांना काय दिसत होतं देव जाणे, पण चेहरा शाळेतल्या मुलीचा झाला होता.

मग पाय बाहेर आले. त्या अर्ध्या उठल्या आणि परत खाली आदळल्या.

गाइड हात पुढे करून धावला. "हात लावायचा नाही!" मी एवढ्या जोरात ओरडले की लांबचे कामगारसुद्धा वळून बघू लागले. खरं तर माझेच हात शिवशिवत होते. मी ते खिशात कोंबले.

"पाय मागे," सासूबाई स्वतःशीच पुटपुटल्या. "नाक पुढे."

आणि त्या उठल्या. सरळ, दोन पायांवर, कोणाच्याही मदतीशिवाय. टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यात रांगलेले गृहस्थ सगळ्यांत पुढे.

"आता तू बस," त्या म्हणाल्या.

"मला काय करायचंय?"

"बस म्हणते ना!"

बसले. मऊ, गार कातडं, पाठीला कवेत घेणारी सीट. मला एकदम त्यांचा बस स्टॉप कळला. मग मी पाय बाहेर काढले, उठायला गेले आणि उठेचना. गेल्या काही वर्षांत माझ्या अंगावर बरंच काही जमलंय, आणि दुसऱ्यांचे गुडघे वाकवण्याच्या नादात स्वतःचे वाकवायचे राहूनच गेले. मला हसू आवरेना, त्यामुळे आणखीच उठता येईना.

गाइड पुन्हा धावला.

"हात लावायचा नाही," सासूबाई म्हणाल्या. "ती माझी सून आहे."

त्यांनी पाय रोवले आणि मला हात दिला. "पाय मागे. नाक पुढे. चल."

मी त्यांचा हात धरला आणि आधी घाबरत, मग सगळं वजन टाकून ओढलं. त्या गुडघ्यांची मी किती मापं घेतली होती, किती काळजी केली होती. ते तसूभरही डगमगले नाहीत.

मी उभी राहिले. हात दोघींनीही सोडला नाही.

"जड आहेस गं," त्या म्हणाल्या. "उद्यापासून स्टूलवर तू."